टीम सोडू की राहू? फॉर्म्युला वनबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय परत परत येतोय, ड्रायव्हरने आहे त्या टीममध्ये राहावं की दुसरीकडे जावं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यावरच.

प्रश्न : सर, हॅमिल्टन फेरारीत जाणार ऐकलं तेव्हा आमच्या अख्ख्या ग्रुपला भारी वाटलं होतं. पण २०२५ संपलं आणि पूर्ण सीझनमध्ये त्याचा एक पोडियम (मेन रेसमध्ये पहिल्या तिघांत येणं) नाही. सात वेळा चॅम्पियन झालेला माणूस एवढी मोठी चूक कशी करतो? त्याला सांगणारं कुणी नव्हतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : २०२५ वाईट गेलं, त्यात वादच नाही. १५६ पॉइंट, सहावा नंबर, आणि सेम गाडीत टीममधला दुसरा ड्रायव्हर लेक्लेरचे २४२. शांघायची स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी रेस, जिंकला तेव्हा वाटलं की आता जमायला लागलं, तर दुसऱ्याच दिवशी मेन रेसनंतर गाडीखालची फळी नियमापेक्षा जास्त झिजली म्हणून डिस्क्वालिफाय झाला. आणि जी मर्सिडीज सोडून आला तिथे त्याचा जुना जोडीदार रसेलने कॅनडा आणि सिंगापूर जिंकलं, टीम दुसरी आली. आज बघितलं तर चूकच दिसते.

पण सही आज नाही झाली ना. बातमी आली १ फेब्रुवारी २०२४ ला, आणि त्या दिवशी त्याच्यासमोर काय होतं ते बघितलं पाहिजे. २०२२ ची मर्सिडीज सरळ रस्त्यावर उसळ्या मारायची, वर्षभरात एक रेस जिंकली ती पण रसेलने, आणि २०२३ मध्ये शून्य. हॅमिल्टनने स्वतः शेवटची रेस जिंकली होती डिसेंबर २०२१ मध्ये, सौदीला. उलट २०२३ मध्ये रेड बुल सोडून दुसऱ्या कुठल्या टीमने एकच रेस जिंकली, सिंगापूर, आणि ती फेरारीने. फेरारीचा बॉस फ्रेड वासूर, ज्याच्या टीमकडून हॅमिल्टन २००६ ला जीपी२ (एफ वनच्या एक पायरी खालची सिरीज) चॅम्पियन झाला, म्हणजे माणूस अनोळखी नव्हता. शिवाय कॉन्ट्रॅक्ट अनेक वर्षांचं, तेही चाळिशीला टेकलेल्या ड्रायव्हरला. २०२४ च्या शेवटी फेरारीचं टीम टायटल फक्त १४ पॉइंटने हुकलं आणि मर्सिडीज चौथी आली. म्हणजे सही करून जवळपास वर्ष झालं तरी निर्णय बरोबरच वाटत होता, हे आपण सगळे आता विसरलोय.

मग बिघडलं कुठे? एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. हॅमिल्टन २००७ च्या पहिल्या रेसपासून २०२४ च्या शेवटच्या रेसपर्यंत कायम मर्सिडीजचंच इंजिन चालवत आला, मॅक्लारेनमध्ये पण तेच आणि नंतर मर्सिडीजमध्ये पण. फेरारीत ब्रेक मारताना इंजिन ब्रेकिंगचा जो वापर करावा लागतो तशी सवयच त्याला नव्हती, त्याने स्वतः हे सांगितलंय. त्याचा रेस इंजिनिअर पीटर बॉनिंग्टन २०१३ पासून त्याच्याबरोबर होता, तो मर्सिडीजमध्येच राहिला. त्यात फेरारीने २०२५ च्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन बदललं आणि सीझनच्या सुरुवातीलाच, एप्रिलच्या शेवटी, या गाडीवरचं काम कमी करून सगळं लक्ष २०२६ च्या गाडीकडे वळवलं. जुनी सवय मोडायची, नवा इंजिनिअर, आणि गाडी सुधारणारच नाही, तिन्ही एकाच वर्षी.

मला विचाराल तर निर्णय चुकीचा नव्हता, तो एकटा गेला हे जड गेलं. शूमाकर १९९६ ला फेरारीत गेला तेव्हा वर्षभरात रॉस ब्रॉन आणि रोरी बर्न हे बेनेटनमधले, म्हणजे जुन्या टीममधले त्याचे लोक पण तिकडे आले. आणि एवढं होऊनही पहिलं टायटल मिळालं २००० साली, पाचव्या सीझनला! हॅमिल्टनला एका वर्षात नापास करायची घाई मला तरी पटत नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. सगळे म्हणतात हॅमिल्टनचं २०१२ मध्ये मॅक्लारेन सोडून मर्सिडीजला जाणं हा एफ वनमधला सगळ्यात बेस्ट निर्णय. ते नुसतं लक होतं की त्याला आधीच काहीतरी कळलं होतं? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : या वेळचा सगळ्यात आवडलेला प्रश्न तुझा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तेव्हा चित्र काय होतं ते समजून घे कारण आज मर्सिडीज म्हटलं की जिंकणारी टीम असंच डोक्यात येतं. २०१२ मध्ये मॅक्लारेनने सात रेस जिंकल्या, चार हॅमिल्टनने आणि तीन त्याचा जोडीदार जेन्सन बटनने, गाडी वर्षातल्या सगळ्यात फास्ट गाड्यांपैकी. मर्सिडीज २०१० ला स्वतःची टीम घेऊन परत आली होती आणि तीन वर्षांत जिंकली होती फक्त एक रेस, रोझबर्गने, चीनला. त्या सीझनला पाचवी आली. शूमाकरसारखा माणूस तीन वर्षं त्या गाडीत बसला आणि त्याला एक पोडियम मिळाला. आणि हॅमिल्टन तर तेराव्या वर्षापासून मॅक्लारेनचा पोरगा, त्यांनी त्याला कार्टिंगपासून वाढवलं, २००८ ला त्यांच्याच गाडीत चॅम्पियन झाला. अशी सीट सोडून पाचव्या नंबरच्या टीमला जाणार म्हटल्यावर लोक काय म्हणाले असतील, पैशासाठी गेला, करिअर संपवलं, हेच सगळीकडे.

त्याला वैताग आलेला होता हे पण खरं. त्या सीझनला पिट स्टॉपमध्ये चुका झाल्या, स्पेनला पोल, म्हणजे सगळ्यात पुढून सुरुवात करायची जागा, मिळालेली पण गाडीत पेट्रोल कमी भरलं म्हणून ती गेली आणि शेवटून सुरुवात करावी लागली, आणि २३ सप्टेंबरला सिंगापूरला पहिल्या नंबरवर असताना गिअरबॉक्स गेला. पाच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, मर्सिडीजची घोषणा झाली. म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की सिंगापूरच्या रागात निर्णय घेतला, पण तसं नव्हतं, बोलणी आधीपासून चालू होती. मर्सिडीजचा तेव्हाचा बॉस रॉस ब्रॉन हॅमिल्टनच्या आईच्या घरी जाऊन, समोर बसून पुढचा प्लॅन समजावून आला होता आणि मर्सिडीजच्या बाजूने जुना चॅम्पियन निकी लाउडा पण त्याच्या मागे लागला होता.

प्लॅन काय होता तर २०१४. नियम बदलणार होते, २.४ लिटरचं व्ही८ जाऊन १.६ लिटरचं टर्बो व्ही६ आणि त्याला जोडून मोठी हायब्रिड सिस्टिम. हे गुपित नव्हतं, २०११ मध्येच जाहीर झालं होतं आणि पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत होतं. ब्रॉनने दाखवलं ते हे की आमचं इंजिन ब्रिक्सवर्थला बनतं, गाडी ब्रॅकलीला बनते, दोन्ही आमचंच, त्यामुळे इंजिन आणि गाडी एकमेकांसाठी बनणार. मॅक्लारेन मर्सिडीजचं इंजिन बाहेरून घेत होतं, म्हणजे जे मिळेल त्याभोवती गाडी बांधायची.

आता तू मेकॅनिकलचा आहेस म्हणून सांगतो. मर्सिडीजने त्या इंजिनमध्ये टर्बोचे दोन भाग वेगळे केले, कॉम्प्रेसर इंजिनच्या पुढे, टर्बाइन मागे, आणि मधून लांब शाफ्ट. त्यामुळे गरम टर्बाइनची उष्णता कॉम्प्रेसरपर्यंत कमी पोचते, हवेचे पाइप आखूड होतात, इंटरकूलर लहान चालतो, आणि मग गाडीची बॉडी पण जास्त बारीक करता येते. हा फायदा नुसता इंजिनात नाही, तो पूर्ण गाडीत पसरतो, आणि ज्याला डिझाइन आधीपासून माहीत आहे त्यालाच तो पूर्ण घेता येतो. पुरावा बघ, २०१४ मध्ये हेच इंजिन विल्यम्स, फोर्स इंडिया आणि मॅक्लारेनकडे पण होतं. १९ पैकी १६ रेस मर्सिडीजने जिंकल्या, उरलेल्या तीन रेड बुलच्या रिकार्डोने. तेच इंजिन घेणाऱ्या बाकी तिघांनी मिळून एक पण नाही.

मग लक होतं का? थोडं होतं. सलग आठ टीम टायटल येतील असं २०१२ मध्ये ब्रॉनला पण माहीत नव्हतं. आणि एक विचित्र गोष्ट, ज्याच्या शब्दावर हॅमिल्टन गेला तो ब्रॉन २०१३ च्या शेवटी टीम सोडून गेला, ती गाडी जिंकायला लागली तेव्हा तो तिथे नव्हताच. पण नियम बदलतायत, इंजिन कोण बनवतंय, आणि सांगणारा माणूस २००९ ला स्वतःच्या नावाची टीम चॅम्पियन करून बसलाय, या तिन्ही गोष्टी सही करायच्या दिवशी समोर दिसत होत्या. ड्रायव्हर ज्या गाडीसाठी सही करतो ती गाडी तेव्हा बनलेलीच नसते, त्यामुळे आत्ताच्या स्टँडिंगकडे बघून निर्णय घेणं म्हणजे मागच्या वर्षीचा पाऊस बघून यंदा पेरणी करणं. हॅमिल्टनने स्टँडिंग बाजूला ठेवलं आणि माणसं आणि कारखाना बघितला, मला त्याचं कौतुक यासाठी वाटतं. टायटल मिळाली म्हणून नाही, समजा २०१४ ची गाडी बेकार निघाली असती तरी मी हेच लिहिलं असतं.

आणि त्याने सोडलेली सीट कुणाला मिळाली माहितीये का, सर्जिओ पेरेझला. तेव्हा सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं, मॅक्लारेन मिळाली म्हणून. २०१३ मध्ये मॅक्लारेनला वर्षभरात एक पोडियम मिळाला नाही आणि पेरेझला एका वर्षात काढलं. २०१५ ला होंडाचं इंजिन आलं तर टीम थेट नववी. २०१२ च्या ब्राझीलनंतर मॅक्लारेन जिंकली ती २०२१ ला मोन्झाला. पेरेझची काहीच चूक नव्हती, त्याच्या जागी असतो तर आपण सगळ्यांनी तीच सही केली असती, आणि मला वाटतं हॅमिल्टनइतकीच त्याची गोष्ट पण लोकांनी सांगायला पाहिजे.

प्रश्न : अलोन्सोबद्दल लिहा ना काहीतरी. माझे बाबा त्याचे फॅन आहेत आणि कायम म्हणतात की एवढा टॅलेंट पण टीम निवडायची अक्कल नाही. (एक वाचक, पणजी)

उत्तर : बाबांना हे आकडे दाखवा. २००७ ला मॅक्लारेन, अलोन्सो १०९, चॅम्पियन रायकोनेन ११०. २०१० ला फेरारी, अलोन्सो २५२, व्हेटल २५६. २०१२ ला परत फेरारी, २७८ विरुद्ध २८१. तीन सीझन मिळून आठ पॉइंटचा फरक! तेवढे इकडचे तिकडे झाले असते तर आज तो पाच वेळा चॅम्पियन असता आणि हेच लोक म्हणाले असते की टीम निवडावी तर अलोन्सोने. २०१० ला फेरारीत जाणं शंभर टक्के बरोबर होतं, अबुधाबीला पिट स्टॉपची वेळ चुकली आणि तो पेट्रोव्हच्या मागे अडकला, यात टीम निवडण्याचा काय संबंध?

चुकलं ते दोनदा. २००७ ला टीमशी आणि हॅमिल्टनशी एवढं बिनसलं की एका वर्षात निघाला, आणि जिंकणारी गाडी तशी सोडायला नको होती. दुसरं २०१५, मॅक्लारेन होंडा, तिथे वर्षभरात त्याला ११ पॉइंट मिळाले आणि त्याच्या फेरारीच्या सीटवर बसून व्हेटलने तीन रेस जिंकल्या, ते बघणं त्याच्या फॅन लोकांना फार जड गेलं.

पण मग २०२२ पण बघा की. ॲस्टन मार्टिनच्या व्हेटलने २८ जुलैला रिटायरमेंट सांगितली आणि १ ऑगस्टला अलोन्सो त्याच्या जागी. तेव्हा लोक हसले, सातव्या नंबरच्या टीमला कोण जातं म्हणून. २०२३ मध्ये आठ पोडियम, चॅम्पियनशिपमध्ये चौथा, वय बेचाळीस!

प्रश्न : कॉन्ट्रॅक्ट असताना हे लोक जातात कसे? व्हर्स्टॅपनचं २०२८ पर्यंत आहे म्हणतात आणि तरी दर महिन्याला बातमी, मर्सिडीजला चालला. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कारण मोठ्या ड्रायव्हरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बाहेर पडायच्या वाटा लिहिलेल्या असतात. हॅमिल्टनचं मर्सिडीजशी २०२५ पर्यंत होतं पण पहिल्या वर्षानंतर निघायचा पर्याय होता, तो त्याने वापरला. काहींच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असं असतं की अमुक तारखेला स्टँडिंगमध्ये अमुक नंबरच्या खाली असलो तर मी मोकळा.

आणि भांडण झालंच तर जिनिव्हाला कॉन्ट्रॅक्ट रेकग्निशन बोर्ड आहे, टीम आपले ड्रायव्हरचे कॉन्ट्रॅक्ट तिथे नोंदवतात. पियास्ट्रीचं तेच झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये अल्पिन टीमने जाहीर केलं की हा आमचा पुढच्या वर्षीचा ड्रायव्हर आणि काही तासांत पियास्ट्रीने सांगितलं की मी सहीच केलेली नाही. बोर्डाने सप्टेंबरमध्ये निकाल दिला, मॅक्लारेनशी ४ जुलैला झालेलं कॉन्ट्रॅक्ट खरं. एकवीस वर्षांचा पोरगा, एक पण एफ वन रेस झालेली नाही, आणि सगळं पॅडॉक, म्हणजे एफ वनमधले लोक, त्याला कृतघ्न म्हणत होतं. मला तेव्हाही वाटायचं की ज्या टीमने वेळेत कागद केला नाही तिला कृतज्ञता मागायचा हक्क नाही.

व्हर्स्टॅपनचं म्हणाल तर त्याने २०२५ च्या जुलैच्या शेवटी हंगेरीला स्वतः सांगितलं की मी राहतोय. झांडफोर्टनंतर तो पहिल्या नंबरच्या १०४ पॉइंट मागे होता आणि सीझन संपला तेव्हा नॉरिसच्या फक्त दोन मागे, ४२३ आणि ४२१. राहायचं ठरवणं हा पण निर्णयच असतो, आपण फक्त जाणाऱ्यांची चर्चा करतो.

प्रश्न : आमची मुलगी तेरा वर्षांची आहे, कार्टिंग करते. सध्याच्या टीमचे लोक चांगले आहेत पण रिझल्ट मधलेच. मागच्या वर्षी चॅम्पियन झालेल्या टीमने विचारलंय, फी बरीच जास्त आहे. काय करावं सुचत नाही. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : ताई, आधी मुंबईच्या जेहान दारूवालाचं सांगतो कारण ते तुमच्या प्रश्नाच्या जवळचं आहे. फॉर्म्युला टू, म्हणजे एफ वनच्या एक पायरी खालच्या सिरीजमध्ये, रेस जिंकणारा तो पहिला भारतीय. २०२१ ला त्या सिरीजचा चॅम्पियन पियास्ट्री झाला, प्रेमा टीममधून, आणि २०२२ ला जेहान त्याच प्रेमा टीममध्ये गेला. कुणीही गेलं असतं. पण त्या वर्षी प्रेमा टीमची गाडी पहिल्यासारखी चालली नाही, जेहान सातवा आला, आणि चॅम्पियन झाला ड्रुगोविच, एमपी टीममधून. मग २०२३ ला जेहान एमपीमध्ये गेला तर तिथे एकही रेस जिंकता आली नाही. पोरगा तोच, मेहनत तीच. मागच्या वर्षीची चॅम्पियन टीम म्हणजे मागच्या वर्षीचा ड्रायव्हर, मागच्या वर्षीचा इंजिनिअर, आणि ते दोघंही आता तिथे असतीलच असं नाही.

म्हणून त्या टीमला पहिला प्रश्न हा विचारा की चॅम्पियन झालेल्या मुलाचा मेकॅनिक कोण होता, तो आहे का अजून, आणि आमच्या मुलीला तो मिळणार का. रोटॅक्स कंपनीच्या इंजिनच्या क्लासमध्ये असेल तर इंजिन सील केलेलं असतं, त्यात फार फरक करता येत नाही, त्यामुळे फी जास्त घेतात ती कशाची हे नीट समजून घ्या. खरा फरक पडतो चॅसीच्या सेटअपमध्ये, टायर प्रेशरमध्ये आणि मुलीला कोण बसून डेटा समजावतं त्यात. एका मेकॅनिककडे किती कार्ट आहेत? टीममधल्या सगळ्यात फास्ट मुलाचा डेटा बाकीच्या मुलांना उघडून दाखवतात का? काही टीम दाखवत नाहीत, आणि मग चॅम्पियन टीममध्ये असून मुलीला त्याचा काही उपयोग नाही. ॲक्सिडेंटमध्ये एक्सल किंवा चॅसी गेली तर पैसे कोण भरणार, सीझन अर्धा सोडला तर फी परत मिळते का, हे कागदावर घ्या, तोंडी नको. आणि त्या टीममध्ये मागच्या वर्षी जी मुलं शेवटी शेवटी यायची त्यांच्या आईवडिलांशी बोला, चॅम्पियनच्या आईवडिलांना सगळंच चांगलं वाटणार.

सध्याच्या टीमला पण एक संधी द्या. त्यांना सरळ सांगा की दुसरीकडून ऑफर आहे, आम्हाला इथे काय सुधारणार ते सांगा. चांगले लोक असतील तर राग धरणार नाहीत. आणि हे सगळं बोलणं चालू असताना मुलीला बाजूला ठेवू नका, तेराव्या वर्षी तिला नक्की माहीत असतं की कुठल्या मेकॅनिकने ऐकून घेतलं आणि कुणी नुसती मान हलवली.

सही करायच्या आधी त्या टीमकडून एक दिवस टेस्ट मागा, त्याच ट्रॅकवर, आणि टायर दोन्ही कार्टना सारखेच वापरलेले असू देत, नाहीतर नवीन टायरवर वेळ चांगला येतो आणि वाटतं कार्ट फास्ट आहे. लॅप टाइमचा एकच बेस्ट आकडा बघू नका, ओळीने दहा लॅप कशा गेल्या ते बघा. टेस्ट झाली की दोन्ही शीट मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, बघून कळवतो.